वलयं विरेपर्यंत

१

आमच्या घरी फोन पावणेसहाला वाजतो. रीस, माझा नवरा, तोवर पेपर मिलच्या पहाटपाळीला गेलेला असतो, टॅन्सी झोपलेली असते, आणि मी सिंकपाशी उभी राहून कॉफी थंड करत असते. प्यायचं मनात असतं, पण घरात तीन वर्षांची पोर असली की कॉफी थंडच होते.

फोनवर सासरे असतात. नाव हॉयट, पण सगळी काउंटी त्यांना पॉप म्हणते. रामराम, ख्यालीखुशाली असलं काही त्यांच्याकडे नसतं.

“पाणी कसं आहे?”

पॉपचं घर टेकडीमागे आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी खुबा मोडल्यापासून त्यांना तो उतार उतरवत नाही, आणि तलावाची खबर लागल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. ओकाली तलावाचा एक फाटा आमच्या अंगणाच्या टोकापर्यंत आलाय. खिडकीतून लाकडी धक्का दिसतो, त्यापुढे पाणी. मी बघते आणि एक शब्द सांगते.

शब्द चारच, पॉपनीच ठरवलेले. काच, म्हणजे वाऱ्याचा पत्ता नाही. सुरकुती, म्हणजे दुधावर फुंकर मारली की साय हलते तेवढं. खवले, म्हणजे सगळा तलाव चकाकतोय आणि हलतोय. आणि मेंढरं, म्हणजे पांढऱ्या लाटा, गुपचूप घरी बसा. बास मासा पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषानं धरायचा असेल तर एवढं यायला हवं, बाकी सगळी दुकानदारांची हौस, असं पॉपचं मत. सुरकुतीचं पाणी उत्तम. माशाला वरचं नीट दिसत नाही, तो धीट होतो. काच सगळ्यात अवघड. काचेखालच्या माशाला दोरा दिसतो, सावली दिसते, माणसाची घाई दिसते. तिथं लहान आमिष टाकायचं, आणि ते पडल्यावर उठलेली वलयं पार विरेपर्यंत काही म्हणता काही करायचं नाही. मग एकदाच हलवायचं. पुन्हा थांबायचं.

मी या घरात आले तेव्हा आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवत होते आणि मासा मला डब्यातला तेवढा माहीत होता. पॉपनी एक अख्खा उन्हाळा खर्चून मला एकच गोष्ट शिकवली.

“पाणी फुटलं की हात आवर,” ते म्हणायचे. “पहिल्या झडपेला निम्म्या वेळा आमिष त्याच्या तोंडात नसतंच. डोळ्यानं बघून ओढलंस, गेला. कानानं ऐकून ओढलंस, गेला. वजन येऊ दे, पोरी. हाताला वजन लागलं की मगच.”

रीसला हे कधी जमलं नाही. आवाज झाला की तो गळाच्या रॉडला हिसका देतो आणि आमिष उडून त्याच्याच टोपीला अडकतं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात पॉप सगळ्यांसमोर म्हणतात, बरं झालं मिलमध्ये चिकटला, माशांवर जगायची वेळ आली असती तर उपाशी मेला असता. मला मात्र जमलं. आयुष्यात मला पटकन जमलेली ती एकच गोष्ट, आणि तिचा मला अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवते.

२

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. फोन आला, मी म्हटलं, काच. पॉप म्हणाले, मग डुबक्या काढ.

डुबक्या हे आमिषाचं नाव, टॅन्सीनं ठेवलेलं. पॉपनी माझ्या लग्नात देवदाराच्या तुकड्यातून कोरून दिलेलं, बोटभर लांब, पिवळ्या पोटाचं, तोंडाशी वाटीसारखं खोलगट. झटका दिला की त्या वाटीत पाणी अडतं आणि आवाज येतो. डुब्क.

टॅन्सी लवकर उठली म्हणून तिला बरोबर घेतलं. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात तिचा हात, तिच्या हातात अंजिराचा जॅम लावलेलं बिस्किट. मी द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी आई आहे. झोपेत तिचा श्वास चालू आहे ना ते बघायला मी टॉर्च घेऊन जाते. दवाखान्यातली नर्स माझा आवाज ओळखते आणि फोनवरच सुस्कारा टाकते. तेव्हा लाइफ जॅकेट घातलं होतं का, हे मला कोणी विचारायलाच नको. घातलं होतं.

पण बक्कल टोचत होतं. हनुवटीखाली लाल वळ उठला होता आणि ती कुरकुरत होती. बिस्किट संपेपर्यंत, असं म्हणून मी जॅकेट काढलं आणि धक्क्याच्या खांबाला अडकवलं. तिला मागे, मधल्या फळीवर बसवलं. मी टोकाला गेले. आमच्यात दहा पावलं असतील.

पाणी असं होतं की पलीकडची पाइनची झाडं दोनदा होती, एकदा वर आणि एकदा खाली. डुबक्या टाकला. वलयं उठली, मोठी होत गेली, विरली. झटका दिला. डुब्क. पुन्हा वलयं. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटत नाहीये. तीन वर्षांत पहिल्यांदाच छातीत काही धावत नव्हतं. किती छान वाटलं, ते सांगायलाही आता तोंड उरलेलं नाही.

मग डावीकडे, मागे, पाणी फुटलं.

माझा हात हलला नाही. मान हलली नाही. आतून पॉपच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, कानानं ऐकून ओढलंस, गेला. मी मोजू लागले. माझ्या पायांखालून, धक्क्याच्या खांबांमधून नवी वलयं आली आणि पुढे डुबक्यापर्यंत पोचली. तो डोलायला लागला. आणि मी वैतागले. हेच मला लिहायचं होतं आणि हेच लिहायला एवढे दिवस लागले. माझी काच कोणीतरी मोडली म्हणून मी वैतागले, आणि वलयं विरेपर्यंत थांबले.

किती मोजलं ते आठवत नाही. तीन असेल. फार तर पाच.

मग मी वळले.

टॅन्सी मधल्या फळीवर बसली होती, बसवली होती तशीच. केस डोक्याला चिकटलेले, फ्रॉक अंगाला चिकटलेला, पार निथळायला हवी इतकी ओली. पण निथळत नव्हती. तिच्याखालची फळी कोरडी होती. हातातलं बिस्किट कोरडं होतं. धक्क्याची शिडी माझ्या बाजूला, टोकाला होती, आणि तीही कोरडी. माझ्याकडे बघून तिनं एक घास घेतला.

मी तिला उचललं, छातीशी धरलं आणि पळत घरात आले. ती थंड होती, पण पाणीही थंडच होतं. दुपारी रीस आल्यावर म्हणाला, हिचा फ्रॉक दोरीवर कसा, आज तर धुण्याचा वार नाही. मी म्हटलं, बादली अंगावर ओतून घेतली.

इतक्या सहज म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं.

३

टॅन्सीची आंघोळ म्हणजे आमच्याकडे पूर. टबमध्ये ती बदक व्हायची, बोट व्हायची, आणि नंतर रीस फरशी पुसताना जे म्हणायचा ते मी इथं लिहीत नाही.

त्या आठवड्यात एकदाही फरशी ओली झाली नाही.

“शहाणी झाली पोर,” रीस दारातून म्हणाला. त्याच्या हातात पुसणं होतं, ते त्यानं तसंच नेऊन ठेवलं.

ती खेळत नव्हती असं नाही. हात हलवत होती, बदक बुडवत होती. मी टबाच्या कडेला बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी कळलं की मला काय खटकतंय. बदक बुडायचं, वर यायचं, आणि पाण्यावर वलय उठायचं नाही. तिचा हात पाण्यात जायचा तिथं पाणी फक्त त्याच्याभोवती मिटायचं, कापूस मिटतो तसं.

मी आठ वर्षं विज्ञान शिकवलंय. साबणामुळे पृष्ठताण कमी होतो. तेलाचा पातळ थर लाटा दाबतो, पूर्वी बोटवाले वादळात पाण्यावर तेल ओतायचे. तिच्या शाम्पूत बदामाचं तेल असतं. मी शाम्पूची बाटली वाचली, मग नुसतं पाणी भरलं, साबण नाही, शाम्पू नाही. तिला आत बसवलं आणि नळाची तोटी थोडी सैल केली.

थेंब पडत होते. टप, टप. वलयाशिवाय.

ती टबमधून उतरल्यावर मी परत वाकून बघितलं. टप. एक गोल उठला, मोठा झाला, टबाच्या कडेला लागून परतला. नेहमीच्या पाण्यासारखा.

त्या रात्री मी रीसला सांगणार होते. पण सांगायचं तर सुरुवात बादलीपासून करावी लागली असती.

४

रविवारी चर्चनंतर पॉप जेवायला आले. रीसनं त्यांना ट्रकमधून उतारावरून आणलं, खुर्ची मागच्या व्हरांड्यात ठेवली, आणि पॉप तलावाकडे तोंड करून बसले. मी कोंबडी तळली होती, बटरबीन होते, कॉर्नब्रेड जरा करपला होता. पॉप म्हणाले, करपलेली बाजू मला दे, दात आहेत तोवर वापरू दे. रीस म्हणाला, पॉप, तुमचे दात गेल्या वर्षी आणलेत. पॉप म्हणाले, म्हणूनच तर म्हणतोय, नवे आहेत.

दुपारी वारा सुटला. पॉपनी हात कपाळाशी नेला.

“खवले,” ते खुशीनं म्हणाले. मग हात तसाच राहिला. “ते काय आहे?”

सगळा तलाव चकाकत होता आणि हलत होता. फक्त आमच्या धक्क्यासमोर एक जागा, जेवणाच्या टेबलाएवढी, हलत नव्हती. तिच्या कडेपर्यंत खवले यायचे आणि थांबायचे.

रीस म्हणाला, तळाला झरा असेल. पॉप म्हणाले, झऱ्याचं पाणी उकळल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, लहान माशांचा थवा असेल, त्यांच्या अंगचं तेल वर येतं. पॉप म्हणाले, हो, तेलाचा तवंग असतो तसा. पण तो वाऱ्याबरोबर वाहतो.

टॅन्सी अंगणात होती, जॅकेट घालून. आता ती घराबाहेर पडली की जॅकेट घातलेलंच असतं, कोरड्या जमिनीवरसुद्धा, आणि रीस त्यावरून मला चिडवतो. ती काठाकाठानं चालत डावीकडे गेली, विलोच्या झाडापर्यंत. तिथून परत उजवीकडे, होडीच्या शेडपर्यंत.

ती जागा तिच्याबरोबर डावीकडे गेली. मग उजवीकडे आली.

रीस कोंबडीचं हाड चोखत होता. त्यानं पाहिलं नाही. पॉपनी पाहिलं, मला खात्री आहे, कारण त्यांनी काटा खाली ठेवला आणि पुढचं सगळं जेवण तसंच राहिलं. रीस आइस्क्रीम आणायला आत गेला तेव्हा ते पाण्याकडे बघतच म्हणाले:

“डेलिया, पोर कधी पाण्यात पडली होती का गं?”

मला पोरी म्हणतात ते. नावानं हाक मारल्याचं मला आठवत नव्हतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांनी मला वाचवायलाच विचारलं होतं, रीस नसताना, हळू आवाजात. पण मला तो उन्हाळा आठवला. हात आवर, पोरी. शाबास, पोरी. माझ्या पोरापेक्षा तू बरी. मी सांगितलं तर त्यांना कळणार होतं की मी त्यांचा नियम कशासाठी पाळला. आणि हेही की तो मी उत्तम पाळला.

“नाही, पॉप.”

“बरं,” ते म्हणाले. “विचारलं आपलं.”

जाताना टॅन्सी पापा घ्यायला त्यांच्यापाशी गेली. पॉपनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि रीसला म्हणाले, चल, पाय दुखतोय.

५

यानंतर मी तिला हाक मारणं टाळू लागले. का, ते सांगते.

पूर्वी टॅन्सीला हाक मारली की ती लगेच वळायची किंवा मुळीच वळायची नाही, सगळी मुलं करतात तसं. आता ती नेहमी वळायची, पण उशिरा. रीस म्हणाला, कान तपासून आणू. आम्ही गेलो. डॉक्टरांनी कान पाहिले, वजन केलं, तीस पौंड भरलं, छान आहे म्हणाले. नर्सनं मला विचारलं, तुम्हाला झोप मिळते का? मी हसले. तिनं काहीतरी लिहून घेतलं.

वेळ मोजायची कल्पना माझीच. भीती वाटली की मी आकडे गोळा करते, ही सवय वर्गातली. ओव्हनचं घड्याळ समोर होतं, ती पाठमोरी बसून ठोकळे रचत होती.

“टॅन्सी.”

हातातला ठोकळा हवेत थांबला. मान हलली नाही. पाठ ताठ होती, नीट ऐकणाऱ्या माणसाची असते तशी. अकरा सेकंदांनी ती वळली.

“काय, ममा?”

दुपारी पुन्हा. अकरा. दुसऱ्या खोलीतून, पुटपुटून, ओरडून, ताट पाडून. अकरा, अकरा, अकरा. रीसनं हाक मारली तर लगेच वळायची. फक्त मला.

चौथ्या दिवशी मी एकटी धक्क्यावर गेले. टोकाला, जिथं त्या सकाळी उभी होते तिथं उभी राहिले. पाणी तेव्हाही काच होतं. एक खडा घेतला आणि न वळता, डाव्या हातानं, खांद्यावरून मागे टाकला. पाणी वाजलं. माझ्या पायांखालून वलयं आली, पुढे गेली, मोठी झाली, विरली.

मनगटावर घड्याळ होतं. अकरा सेकंद. मी तीन म्हटलं होतं. फार तर पाच.

मी तिथंच खाली बसले.

६

जूनच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी आठच्या सुमारास, टॅन्सीनं डुबक्या माझ्या हातात आणून दिला. तो मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता. तिनं खुर्ची ओढली असेल. खुर्ची जागेवर होती.

मी का गेले ते मला सांगता येत नाही. रीस मिलमध्ये होता. टॅन्सीनं स्वतः जॅकेट घातलं, बक्कल लावलं, आणि ते टोचतंय असं म्हणाली नाही. मी तिला माझ्याशेजारीच उभं केलं, रॉड उजव्या हातात, डाव्या हातात तिचं मनगट. वारा होता. तलावभर खवले होते आणि आमच्यासमोर ते टेबलाएवढं काचेचं पाणी.

एका हातानं टाकला तरी डुबक्या नेमका मधोमध पडला. वलय उठलं नाही. पाण्यावर नाही, चित्रातल्या पाण्यावर पडावा तसा तो पडून राहिला.

थांबायला काही विरायचं नव्हतं, तरी मी थांबले. मग झटका दिला.

डुब्क.

आमच्या मागे पाणी फुटलं.

या वेळी मी वळले. इतकी जोरात वळले की मान अवघडली. मागे काही नव्हतं. कोरड्या फळ्या, खांब, पुढे काठ, तिथपर्यंत नुसते खवले. टॅन्सी शेजारी होती, तिचं मनगट माझ्या हातात होतं.

आणि दोऱ्याला वजन आलं.

दहा पौंडाचा बास इथं जन्मात एकदा लागतो. त्याचं वजन मला माहीत आहे, तो धडपडतो, खाली जातो, डोकं झटकतो. हे वजन नुसतं होतं. रस्ता ओलांडताना मूल आपलं बोट धरतं, ओढत नाही, सोडतही नाही, तसं. रॉड हळूहळू वाकला. किती पौंड ते माझ्या हातानं मला सांगितलं. रोज उचलते मी तेवढं वजन.

ओंडका असेल, मी मनात म्हटलं. तळाला जुनी झाडं आहेत.

काचेच्या पाण्यावर, डुबक्या होता तिथं, पाच खळगे पडले. पावसाचे पहिले थेंब पडावेत एवढाले, पण वरून काही पडलं नव्हतं, आणि ते तिथंच राहिले. चार एका ओळीत, पाचवा जरा बाजूला. लहान मूल खिडकीच्या काचेवर पलीकडून बोटं टेकवतं, तेव्हा असे दिसतात.

“वजन आलं, ममा,” टॅन्सी म्हणाली.

नियम एवढाच होता. वजन आलं की मगच. मला फक्त दोरा गुंडाळायचं रीळ फिरवायचं होतं.

मी टॅन्सीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीखाली बक्कल रुतलं होतं आणि तिथं वळ उठला नव्हता.

“एक,” ती म्हणाली. “दोन.”

तिला आठापर्यंतच येत होतं. नवाला ती नेहमी अडायची. मी ते वर आणलं तर ते इथं, फळीवर ठेवावं लागलं असतं, हिच्या शेजारी. मग रीसला बोलवावं लागलं असतं. आणि त्यानं पहिलं जे विचारलं असतं ते मला ठाऊक होतं. कधी, डेलिया? कधी पडली? आणि तू काय करत होतीस?

“सात. आठ. नऊ.”

गळ्यात दोरा तोडायची लहान कात्री असते, मासे धरणारे सगळेच अडकवतात. मी तिचं मनगट सोडलं. माझा हात मुळीच थरथरत नव्हता. मला वाटतं, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दहाला कापला.

७

त्या संध्याकाळी टॅन्सीनं आंघोळीला पूर आणला. बदक झाली, बोट झाली, आरशापर्यंत पाणी उडालं. रीसनं जे म्हणायचं ते म्हटलं आणि पुसणं आणलं. मी त्याच्या हातातून ते घेतलं, गुडघ्यावर बसून फरशी पुसली, आणि तो म्हणाला, अगं रडतेस काय, पाणीच आहे.

आता हाक मारली की ती लगेच वळते. नाहीतर मुळीच वळत नाही. बक्कल टोचतं. द्राक्षाचे चार तुकडे का केले म्हणून रडते. रात्री मी टॉर्च घेऊन जाते आणि श्वास चालू असतो. सगळं नीट आहे. एवढं नीट आहे की मी कोणाला काही सांगितलं तर नर्सनं त्या दिवशी जे लिहून घेतलं तेच सगळे वाचतील.

मला कधीकधी वाटतं की नियम मोडला म्हणूनच ती परत आली. कधीकधी दुसरं वाटतं. ते मी अर्ध्यावरच थांबवते.

आज पावणेसहाला फोन वाजला. पॉप दहा दिवस फोन करत नव्हते, रीसला वाटलं, खुब्यामुळे.

“पाणी कसं आहे?”

मी खिडकीतून पाहिलं. सकाळचा हलका वारा, सगळीकडे सुरकुती, पॉप ज्यावर जीव टाकतात तसलं पाणी. धक्क्यासमोर टेबलाएवढी काच. तिच्या मधोमध पिवळं पोट वर करून डुबक्या तरंगत होता. कापलेला दोरा त्याच्या तोंडाशी होता, पण तो पाण्यावर पसरला नव्हता. सरळ खाली गेला होता, ताणून.

“सुरकुती, पॉप.”

फोनमधून त्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मागे टेबलाशी टॅन्सी बिस्किट खात होती, पाय खुर्चीवर आपटत.

डुब्क.

“कसला आवाज?” पॉपनी विचारलं.

“नळ गळतोय.”

“डेलिया.” मग, फार हळू: “पोरी, अजून सांगता येईल.”

मी सिंकच्या कडेला धरून उभी होते. खिडकीबाहेर डुबक्या स्थिर होता. तो हलवणाऱ्याला घाई नव्हती. वलयं उठली नव्हती तरी ती विरेपर्यंत थांबायचं त्याला माहीत होतं, माझ्याइतकंच, मी शिकवल्यासारखं. मी मनात मोजत होते. नऊ. दहा.

अकरा.

डुब्क.

“नळच आहे, पॉप,” मी म्हटलं, आणि खिडकीकडे वळलेली माझी मान हलली नाही, जरी मागे टेबलाशी पाय आपटायचे थांबले होते.